ब्रिटनीच्या किनाऱ्यालगत : ओरे गाव व त्याचा परिसर

फ्रान्स देशी जाऊन आलेल्या आपल्याकडील मंडळींस 'काय पाहिले?' असे विचारले, तर पॅरिस व तेथील लोखंडी मनोरा यांपलीकडे उत्तर सहसा जात नाही. आठ दिवसांच्या धावत्या प्रवासात याहून अधिक काय व्हावे? परंतु ज्यांच्या लेकी-सुना, मुले-पुतणे हल्ली त्या देशी नोकरीधंद्यानिमित्त राहतात, व ज्यांस तेथे महिना-पंधरा दिवस निवांत राहण्याचा योग येतो, त्यांनी पश्चिमेचा रस्ता धरावा, असे सुचविण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

फ्रान्सचा नकाशा पुढे घेतला, तर त्याच्या पश्चिम अंगास एक भूशिर अटलांटिक महासागरात नाकासारखे पुढे आलेले दिसते. हाच ब्रिटनी प्रांत. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर मोर्बिहान नावाचे आखात आहे. तेथील भाषेत 'मोर' म्हणजे समुद्र व 'बिहान' म्हणजे लहान. लहानसा समुद्र, असे हे सार्थ नाव. आखाताच्या पश्चिम टोकास एक नदी येऊन मिळते, आणि त्या नदीवर, समुद्रापासून थोडे आत, ओरे हे गाव वसलेले आहे. पॅरिसहून जलद आगगाडीने सुमारे अडीच-तीन तास लागतात. आमची कन्या व जावई नांत शहरी राहतात. त्यांच्या मोटारीतून जून महिन्यात आम्ही उभयतां तेथे गेलो व चार दिवस राहिलो.

गाव दोन अंगांचे आहे. वर बाजारपेठ व देऊळ, आणि खाली नदीकाठी सें-गुस्तान नावाचे जुने बंदर. मध्ये दगडी कमानींचा जुना पूल. बंदरालगत, लाकडाच्या उभ्या-आडव्या चौकटीत भराव घालून बांधलेली, चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या धाटणीची घरे डोंगरउताराला धरून उभी आहेत. येथील धक्क्यास बेंजामिन फ्रँकलिनचे नाव दिलेले आहे. डिसेंबर १७७६ मध्ये, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या अमेरिकेसाठी फ्रेंच राजाची मदत मागावयास हा सत्तर वर्षांचा वृद्ध निघाला. जहाज नांतपर्यंत जावयाचे होते. पण वारा प्रतिकूल झाला, तेव्हा तो कोळ्यांच्या नावेतून येथे उतरला व पुढे खुष्कीच्या मार्गाने गेला. त्या मोहिमेचे फळ जगास ठाऊक आहे.

शाकाहारी कुटुंबांची पहिली चिंता भोजनाची. नदी कालवांसाठी प्रसिद्ध असल्याने प्रत्येक पाटीवर तीच; पण घाबरण्याचे कारण नाही. या प्रांताचे मूळ अन्न म्हणजे कुट्टूच्या पिठाचे पातळ, मोठे धिरडे. ते तव्यावर घालून, लाकडी फिरकीने पसरून, वर खारे लोणी सोडतात. आत काय घालावयाचे ते आपण सांगावे; नुसते लोणी सांगितले तरी कोणी नाक मुरडीत नाही. आमच्या मंडळींनी चार दिवस त्यावर आनंदाने काढले, व तवा किती तापवितात याची चौकशीही केली. गव्हाच्या पिठाची गोड धिरडी निराळी.

आता ज्यासाठी जावयाचे त्या कार्नाककडे वळू. ओरेहून सुमारे १३ किलोमीटर. पाइनची झाडे, पिवळ्या फुलांची काटेरी झुडुपे, आणि एकदम उघड्या माळावर दगडांच्या रांगा सुरू होतात. मेनेक, केरमारियो व केरलेस्कान अशी तीन मुख्य क्षेत्रे मिळून सुमारे ३,००० उभे दगड सुमारे ४ किलोमीटर लांबीत पसरलेले आहेत. मेनेक येथे ११ रांगा, केरमारियो येथे १०, केरलेस्कान येथे १३. पश्चिमेकडील टोकास दगड पुरुषभर उंचीच्या दुप्पट, आणि पूर्वेकडे जाता जाता ते मांडीपर्यंत, पुढे गुडघ्यापर्यंत ठेंगणे होत जातात. प्रथम दृष्टीस मात्र निराशा होण्याचा संभव आहे. येथे शिखर नाही, मूर्ती नाही, अक्षर नाही. ओबडधोबड दगड, त्यांवर राखाडी-पिवळे शेवाळ, आणि त्यांच्यामध्ये चरणाऱ्या मेंढ्या. अर्धा तास चालल्यावर मनात संख्या भरू लागते. आणि मग हे उभारणाऱ्यांपाशी लोखंड नव्हते, चाक नव्हते, हे आठवते, तेव्हा पाय मंदावतात.

२०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या भागातील रांगांचा प्रारंभ ख्रिस्तपूर्व ४६०० ते ४३०० या काळात जातो. म्हणजे मिसरचे मोठे पिरॅमिड यांच्याहून सुमारे दोन हजार वर्षांनी प्राचीन! त्याच वर्षी जुलैमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेने कार्नाक व मोर्बिहान-किनाऱ्यावरील शिलास्मारकांस जागतिक वारशाच्या यादीत घातले. त्यामुळे पुढे गर्दी वाढेल, हे सांगावयास ज्योतिषी नको. पाऊलवाटांनी माती झिजून दगड उघडे पडू लागल्यामुळे कुंपणे घातली आहेत. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत मार्गदर्शकाबरोबरच आत जाता येते, थंडीत मोकळीक असते.

हे दगड कशासाठी? गावकऱ्यांचे उत्तर सोपे आहे. संत कोर्नेली यांच्या मागे रोमन सैन्य लागले; पुढे समुद्र आडवा आला; तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिले आणि सैनिक जेथल्या तेथे दगड झाले. रांगा सरळ आहेत त्या यामुळेच. हा संत गुराढोरांचा रक्षक मानला जातो, व त्याच्या देवळाच्या दर्शनी भागावर त्याच्या दोहों बाजूंस बैल दाखविलेले आहेत. विद्वानांनी कोणी पंचांग म्हटले, कोणी स्मशान, कोणी सूर्यपूजेचे आवार. त्यांची उत्तरे गावकऱ्यांच्या उत्तराहून लांब आहेत, पण निश्चित म्हणावीत अशी नाहीत.

मला स्वतःला रांगांइतकाच रस वाटला तो कित्येक दगडांच्या बुडाशी दिसणाऱ्या तांबड्या सिमेंटच्या लहानशा टिकलीत. ही टिकली म्हणजे 'हा दगड पडलेला होता. मागाहून उभा केला' अशी प्रामाणिक नोंद. ती खूण लावणारा पुरुष झाखारी ल रूझिक (१८६४-१९३९) हा याच गावच्या गरीब घरातला. जेम्स मिल्न नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ येथे उत्खनन करीत असे. सुमारे दहा वर्षांचा ल रूझिक त्याची पिशवी व हत्यारे वाहावयास राहिला. मिल्न १८८१ मध्ये वारला. त्याच्या संग्रहातून गावात वस्तुसंग्रहालय निघाले. आणि पिशवी वाहणारा मुलगा पुढे त्याचा प्रमुख झाला. जुन्याची डागडुजी करणारे पुष्कळ, परंतु डागडुजी कोठे केली हे लिहून ठेवणारे विरळा. संग्रहालयात हिरव्या जेडसारख्या दगडाच्या, आरशाप्रमाणे घासलेल्या कुऱ्हाडी आहेत. तो दगड इटलीतील आल्प्स पर्वताच्या मॉन्ते व्हिझो शिखराजवळचा. सहा हजार वर्षांपूर्वी इतक्या दूरवरून तो येथे आला, आणि लाकूड न तोडता मृताबरोबर पुरला गेला! दगड पाहण्यापूर्वी हे संग्रहालय पाहावे. क्रम उलटा केल्यास अर्धे समजत नाही.

येथे थोडे विषयांतर क्षमा असावी. इंग्रजीत व आपल्याकडील इतिहासाच्या पुस्तकांत उभ्या दगडास 'मेनहिर' व शिलागृहास 'डॉलमेन' म्हणतात, ते शब्द ब्रेतॉन भाषेच्या धातूंवरून बनविलेले. 'मेन' म्हणजे दगड, 'हिर' म्हणजे लांब. 'तोल' किंवा 'दोल' म्हणजे मेज. मात्र दगड उभारणारे लोक ब्रेतॉन नव्हेत. ब्रेतॉन भाषा इंग्लिश खाडीपलीकडून ख्रिस्ती शकाच्या पाचव्या-सहाव्या शतकांत येथे आली, तेव्हा हे दगड चार हजारांहून अधिक वर्षे जुने झालेले होते. ज्यांनी ते उभारले त्यांच्या भाषेतील एकही शब्द शिल्लक नाही.

ब्रेतॉन मात्र आपली दूरची आप्त आहे. ती केल्टिक शाखेची, म्हणजे संस्कृत ज्या कुळातील त्याच कुळातील. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यास हा संबंध सुचविला होता, व १८३७-३८ च्या सुमारास पिक्ते व बोप या पंडितांनी तो सिद्ध केला. संख्याच पाहा : दोनला 'दाऊ', तीनला 'त्रि', पाचला 'पेम्प', नऊला 'नाव', दहाला 'देक'. बहिणीस जो शब्द आहे त्याचे मूळ आपल्या 'स्वसृ' शब्दाचेच. यापेक्षाही मौज पुढे आहे. ज्यांनी शाळेत शब्दरूपे घोकली असतील, त्यांना 'त्रयः, तिस्रः, त्रीणि' हे आठवत असेल. पुल्लिंगी तीन निराळे, स्त्रीलिंगी तीन निराळे. 'तिस्रः' व 'चतस्रः' ही विलक्षण स्त्रीलिंगी रूपे या सबंध कुळात आर्यावर्त-इराणच्या शाखेने व केल्टिक शाखेने तेवढी जपली. ग्रीक, लॅटिन यांनी ती टाकून दिली. ब्रेतॉनमध्ये तीन मुलगे असले तर 'त्रि', तीन मुली असल्या तर 'तेइर'. चार मुली असल्या तर 'पेदेर'. पस्तीस वर्षे मी जी रूपे मुलांकडून घोकून घेतली, ती अटलांटिकच्या काठी शेतकऱ्यांच्या तोंडी सहज वावरत असतील, असे वाटले नव्हते.

असो. कार्नाकहून पूर्वेस लोकमारियाकेर हे गाव आहे. तेथील मोठा मेनहिर आज भूमीवर चार तुकड्यांत पडलेला आहे. एकसंध होता तेव्हा त्याची लांबी सुमारे २० मीटर होती. वजन ३०० टनांच्या आसपास. तो जागचा दगड नव्हे. काही किलोमीटरांवरून आणलेला. शेजारी 'व्यापाऱ्यांचे मेज' या अर्थाच्या नावाचे शिलागृह आहे. त्याच्या छताच्या शिळेवर एक कुऱ्हाड कोरलेली आहे, आणि काठाशी अर्धवट तुटलेली काही आकृती. ते जनावराचे अंग आहे हे दिसे. पण उरलेले अंग कोठे, हे कोणास कळत नव्हते.

ते सापडले खाडीपलीकडे, सुमारे चार किलोमीटरांवर, गाव्रिनिस बेटावर. तेथील दगडी ढिगाऱ्याची दुरुस्ती चालू असता १९८४ च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ शार्ल-तांगी ल रू यांना आतील शिलागृहाच्या छतशिळेच्या वरच्या अंगावर लांब शिंगांची जनावरे कोरलेली आढळली. तुटलेली कड लोकमारियाकेरच्या शिळेशी जुळवून पाहिली, तो दोन्ही एकाच प्रचंड उभ्या दगडाचे तुकडे ठरले. कोणीतरी तो मेनहिर पाडला, तोडला, व त्याचे तुकडे दोन ठिकाणच्या समाधींस छत म्हणून घातले. जीर्ण झाला म्हणून मोडला, की जुना देव नकोसा झाला म्हणून, हे कोण सांगणार? एका दगडावरील जनावर अशा रीतीने सहा हजार वर्षे पाण्याच्या दोन काठांवर विभागून पडले होते. यात्रेकरूंस मात्र गाव्रिनिसचा हा अर्धा भाग प्रत्यक्ष दिसत नाही, कारण तो शिळेच्या वरच्या बाजूस आहे व त्यावर पुन्हा दगडांचा थर आहे.

तरीही गाव्रिनिस चुकवू नये. माझ्या मते साऱ्या प्रदेशाचे ते मस्तक आहे. लार्मोर-बाडेन येथून लहान नाव सुटते. जागा मोजक्या असल्याने नाव आधी नोंदवावे लागते. ढिगाऱ्याच्या पोटात सुमारे १४ मीटर लांबीचा अरुंद मार्ग आहे, व दोहों बाजूंच्या २९ शिळांपैकी २३ कोरलेल्या आहेत. एकात एक वर्तुळे, लाटा, कुऱ्हाडी, सर्पाकार रेषा. बोटांच्या ठशासारखे ते रेषाजाल दिव्याच्या तिरक्या उजेडात हलल्याचा भास होतो. हे बांधले तेव्हा बेट नव्हतेच. समुद्राची पातळी खाली होती, आणि ही जमिनीवरची टेकडी होती. जवळच एर लानिक नावाचे बेट आहे. त्यावरील दगडांचे एक कडे काठावर, व दुसरे पाण्यात बुडालेले. पूर्ण ओहोटीस त्याची डोकी तेवढी दिसतात. नावाड्याने नाव मंद करून ते दाखविले. आखाताचे मुख अरुंद असल्यामुळे भरती-ओहोटीचा ओघ फार जोराचा असतो. उलट्या होणाऱ्यांनी सुंठ-साखर जवळ ठेवावी.

राजकीय इतिहासाची स्थळेही ओरेभोवती आहेत, पण ती रक्ताची. २९ सप्टेंबर १३६४ रोजी येथे शार्ल द ब्लोआ पडला व ब्रिटनीच्या गादीचा वीस वर्षांहून अधिक काळ चाललेला तंटा मिटला. १७९५ मध्ये राजपक्षाचे लोक क्विबेरॉनच्या भूशिरावर उतरले, जनरल होश यांच्या हाती सापडले, आणि त्यांतील शेकडो लोकांस या परिसरात गोळ्या घालण्यात आल्या. ब्रेक गावच्या हद्दीत ते मैदान आहे, व जवळच्या जुन्या मठात त्यांच्या अस्थी. राजपक्षाचा पुढारी जॉर्ज कादूदाल याची समाधी ओरेतच आहे. १८०४ मध्ये पॅरिस येथे त्याचा शिरच्छेद झाला. आम्ही ही ठिकाणे एका सकाळी उरकली.

दुपार राखून ठेवली होती ती सेंत-आन-द-ओरे या तीर्थासाठी. हे ओरेपासून पाच-सहा किलोमीटरांवर. इव्हॉन निकोलाझिक या शेतकऱ्यास १६२३ पासून पुढे अनेकदा संत अ‍ॅन, म्हणजे येशूची आजी, हिचे दर्शन झाले व ७ मार्च १६२५ च्या रात्री शेतात तिची जुनी लाकडी मूर्ती सापडली, अशी कथा आहे. प्रांतातील हे सर्वांत मोठे यात्रास्थान. २६ जुलैस मुख्य यात्रा भरते. आजचे भव्य देऊळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत मूळ मूर्ती जाळली गेली. तिच्या मुखाचा वाचलेला तुकडा नव्या मूर्तीच्या बैठकीत बसविलेला आहे. देवळासमोर पहिल्या महायुद्धात पडलेल्या ब्रेतॉन सैनिकांचे स्मारक आहे. त्यावरील २,४०,००० हा आकडा इतिहासकार फुगलेला मानतात, परंतु खेड्याखेड्यांची नावे भिंतीवर वाचीत गेले की आकड्याचा वाद मागे पडतो.

कथेतील एक गोष्ट मात्र मी वारंवार विचारून घेतली. संत अ‍ॅन निकोलाझिकशी कोणत्या भाषेत बोलली? ब्रेतॉनमध्ये. ज्यास फ्रेंच येत नव्हते त्या शेतकऱ्याशी देवमाणूस त्याच्या भाषेत बोलले, याचा अभिमान तेथे अजून सांगितला जातो.

त्याच भाषेस पुढे शाळेने काय केले, ते ऐकण्याचा प्रसंग त्याच संध्याकाळी आला. आमच्या मुक्कामाच्या घरमालकिणीची आई नव्वदीच्या घरात होती. अंगणात कोंबड्या होत्या. जावयांच्या मध्यस्थीने मी बाईंस विचारले, "आजीबाई, या किती कोंबड्या, ते तुमच्या भाषेत सांगता का?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले, व म्हणाल्या, "तेइर यार." तेइर! मी 'तिस्रः' म्हणून दाखविले, व हा आमच्या देववाणीतला शब्द, असे सांगविले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या गुरुजींना हे ठाऊक असते तर बरे झाले असते."

मग त्यांनी सांगितले ते असे. वर्गात वा पटांगणात कोणी ब्रेतॉन शब्द उच्चारला, की गुरुजी त्याच्या गळ्यात लाकडाचा एक तुकडा दोरीने बांधीत. कोठे तो फुटका लाकडी जोडा असे. त्यास 'सिंबोल', म्हणजे खूण, किंवा 'गाय' म्हणत. सुटका एकाच रीतीने : दुसऱ्या मुलाच्या तोंडून तसाच शब्द निघाला की ते त्याच्या गळ्यात अडकवावयाचे. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात तो राही, त्यास शिक्षा. बाईंनी आपल्या धाकट्या भावास चोरून बोलताना पकडून दिले होते. ऐंशी वर्षांनंतरही ते सांगताना त्यांचा हात गळ्याशी गेला.

ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासून विसाव्याच्या मध्यापर्यंत ब्रिटनीत अनेक ठिकाणी होती, हे पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. तिच्यातील खरे विष शिक्षेत नाही, मुलांस एकमेकांवर पाळत ठेवावयास लावण्यात आहे. वर्गात शिस्त राखण्याची इतकी स्वस्त युक्ती कोणत्याही मास्तरास मोह पाडील. म्हणूनच ती तिरस्करणीय. आणि ते मास्तर बहुधा दुष्ट नव्हते. त्यांच्यापैकी कितीएक स्वतः ब्रेतॉन शेतकऱ्यांची मुले. फ्रेंच आल्यावाचून पोरांस नोकरी नाही, हे त्यांस अनुभवाने कळले होते. फ्रेंच शिकविले हे योग्यच केले. पण त्यासाठी आईची भाषा गळ्यातले लोढणे करावयाची काय गरज होती? दोन भाषा एका जिभेवर सुखाने नांदतात, हे आपल्याकडील कोणतेही पोर सांगेल.

परिणाम व्हावयाचा तो झाला. त्या मुलांनी मोठेपणी आपल्या मुलांशी फ्रेंचच बोलावयाचे ठरविले. विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रेतॉन बोलणारे दहा लाखांहून अधिक होते. २०२४ च्या पाहणीत ते सुमारे १,०७,००० भरले, आणि त्यांतही वृद्धांचा भरणा मोठा. उलट बाजूही सांगितली पाहिजे. १९७७ मध्ये काही पालकांनी 'दिवान' नावाच्या, ब्रेतॉन माध्यमाच्या शाळा काढल्या. या शब्दाचा अर्थ 'अंकुरणे'. २०२१ साली फ्रान्सच्या संविधान-परिषदेने सर्व विषय प्रादेशिक भाषेत शिकविण्याची पद्धत घटनाविरुद्ध ठरविली, तरी त्या शाळा चालू आहेत. घरमालकिणीस स्वतःस ब्रेतॉन येत नाही. तिची मुलगी मात्र ती शिकते, व आजीशी बोलते. मधली पिढी दोघींच्या तोंडाकडे पाहत बसते.

ओरेस उतरणाऱ्याने रस्त्यावरील पाट्या वाचीत जावे. प्रत्येक गावाचे नाव दोनदा लिहिलेले असते, फ्रेंच व ब्रेतॉन. ओरेचे ब्रेतॉन नाव 'आन आल्रे'. जून उत्तम, कारण दिवस रात्री दहापर्यंत मावळत नाही व गर्दी कमी असते. परंतु भाषा कानी पडावी अशी इच्छा असेल तर २६ जुलैची यात्रा गाठावी. त्या दिवशी ब्रेतॉन भक्तिगीते हजारो कंठांतून म्हटली जातात. त्या आठवड्यात राहण्याची जागा मात्र बरेच आधी ठरवून ठेवावी लागते.